आणि चंपा

अमळनेर,
ता. २ जुलै १९५६

अक्का,

‘पत्रास कारण की’ असं लिहायला घेतलं आणि थांबले. कारण तुला ठाऊक आहे, मलाही आहे. चौदा महिने झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. संक्रांतीला तिळगुळाचा डबा पाठवला होता, तो परत आला, घासूनपुसून लख्ख आणि रिकामा. आईनं आपल्याला डब्यात निदान चिमूटभर साखर घालून परत करायला शिकवलं होतं. तेव्हा तुझा राग अजून ताजा आहे एवढं मी समजले. तरी लिहिते. रागावलेल्या माणसालाही टपाल येतंच.

मी आता नोकरी करते. गेल्या वर्षी बालवाडीच्या शिक्षणाचा कोर्स केला, आणि इथल्या घेवरचंद शेठजींनी आपल्या जुन्या रुईच्या गोदामाची ओसरी दिली, तिथे एकोणीस मुलं घेऊन बसते. शेठजींची नात प्रेमकुंवर त्यातच आहे, त्यामुळे ओसरी रोज झाडलेली असते. धुळ्याची एसटी सकाळी साडेनवाला समोरून जाते. मुलं तिला हात हलवतात. त्यांच्याबरोबर मीही हलवते, आतलं कुणी ओळखीचं नसलं तरी. तुझं दार इथून दीड तासावर आहे, अक्का. मी मात्र लंकेत राहत असल्यासारखी पत्र लिहिते आहे.

आता खरं काय ते. गेल्या सोमवारी धुरपदाबाई नावाची शेतमजूर बाई आली. बरोबर पोर, सहा वर्षांची, मथुरा नाव, मथी म्हणतात. बाईनं तिला ओसरीच्या कडेला बसवलं आणि म्हणाली, “हाई पोर आंधयी शे, बाई. घर एकली काय करी? तुमना जोडे बसू द्या.” आणि पोरीला माझ्याजवळ सोडून, उत्तराची वाट न बघता निंदणीला निघून गेली. मथीचे डोळे देवीच्या साथीत गेलेत. चंपासारखेच.

मी दिवसभर तिच्याकडे बघत राहिले. चिमटीत फ्रॉक धरून बसायची तीच तऱ्हा, आवाज आला की मान वळवण्याऐवजी हनुवटी वर करायची, तीही तीच. संध्याकाळी घरी येऊन स्वैपाक केला नाही. माझ्या एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा मला बारा वर्षांचा आहे, पण त्या दिवशी कंटाळा नव्हता.

म्हणून मागते. चंपाला माझ्याकडे पाठव. सात वर्षांची झाली ती. तुमच्या मागच्या खोलीत ती दिवसभर काय करते ते मला माहीत आहे, कारण मी तिच्याबरोबर बसलेली आहे. भिंतीवरचा चुना नखानं काढते. इथे ती इतर मुलांबरोबर बसेल. जेवायला माझ्या ताटाशेजारी तिचं ताट. बाकी मला काही नको.

राहिलं त्या दिवसाचं. चाळीसगावचे पाहुणे विमलला बघायला आले होते, मुलाच्या आत्यानं भावंडं किती विचारलं, तू म्हणालीस, विमल आणि तिचा भाऊ, दोघंच. आणि पोह्यांचा ट्रे घेऊन मी उभी होते, मी म्हटलं, “आणि चंपा.” दोन शब्द. तोंडातून निसटले गं. माझी जीभ लहानपणापासून अशीच आहे, तूच म्हणायचीस. सोयरीक मोडली याचं मला वाईट वाटतं. पण मुद्दाम नव्हतं.

उत्तर दे. नुसतं ‘नाही’ लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
पुष्पा


अमळनेर,
ता. २४ जुलै १९५६

अक्का,

‘नाही’सुद्धा आलं नाही. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं ‘विचार चालू आहे’ असा लावला आहे. तू विचारात असताना तुला वाचायला काहीतरी हवं, म्हणून माझ्या वर्गाचं सांगते.

मथी आली तेव्हा मी सगळ्यांसारखा तिलाही कागद आणि रंगीत खडू दिला. कोर्समध्ये सांगितलं होतं, मुलाला मुक्तपणे रेखाटू द्यावं. तिनं रेखाटलं. मग कागदावर तळवा फिरवला आणि मला विचारलं की मी काढलेलं कुठे गेलं? बाई म्हणून पगार घेते आणि हे मला आधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरून गव्हाच्या पिठाची खळ करून नेली. गोदामात कापूस आणि सरकी पडलेलीच असते. फाटकं बारदान, चिंचोके, भुईमुगाची टरफलं, मक्याचे केस, सुताराकडचा वापरलेला काचकागद, यावलहून येणाऱ्या केळीच्या गाडीवाल्याकडून खोडाच्या सोपाचे वाळके धागे, नदीची वाळू. सगळं टोपल्यांत भरलं. जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून घराची कड केली, म्हणजे आत कुठे चिकटवायचं आणि कुठे थांबायचं ते बोटाला कळतं. मथीनं सुतळीवरून बोट फिरवत पूर्ण फेरी मारली आणि जिथून निघाली तिथेच पोचली तेव्हा इतकी हसली की सगळी मुलं आपापलं सोडून तिच्याभोवती जमली. मग खडू कुणालाच नकोत. एकोणीस जणांना खळ हवी.

आमच्यात छगन म्हणून एक आहे, त्याचा डावा हात जन्मापासून वाळलेला. उजव्यानं चिकटवायला गेला की पुठ्ठा सरकतो. त्याच्या पुठ्ठ्याच्या दोन कोपऱ्यांवर मी बोरी नदीतले गोटे ठेवले. झालं, लगेच सगळ्यांना गोटे हवे. धडधाकट दोन हातांची पोरं गोट्यांसाठी रडायला लागली. शेवटी चाळीस गोटे वेचून आणले, माझीच ओटी भरून. रस्त्यावर लोक बघत होते. विधवा बाई नदीवरून ओटी भरून चालली आहे, त्यात दगड आहेत हे त्यांना कुठे माहीत.

आणि प्रेमकुंवरची गंमत ऐक. तिनं घरून चमकीचा कागद आणून मोर केला. दिसायला असा देखणा की मी भिंतीवर लावायला निघाले. मथीनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हाई ते बठ्ठं गुयगुयीत शे. मोर कोठे शे?” सगळं गुळगुळीत, मोर कुठेच नाही! प्रेमकुंवर रडली. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि मोर हातोहात फिरवला. एकालाही मोर सापडला नाही. तेव्हापासून आमचा नियम झालाय की चित्र आधी मथीच्या हातात द्यायचं, भिंतीवर नंतर. टोपल्या निवडायचं कामही तिचंच. सरकीत एक चिंचोका गेला तर ती मला दटावते.

मी दुपारी मुलं गेल्यावर एकटीच बसते आणि डोळे मिटून त्यांची चित्रं चाचपते. ओसरी एवढी शांत असते की गोदामातले पारवे ऐकू येतात. तेव्हा चंपाची फार आठवण येते, आणि तुझीही. तुझी येते हे लिहिणार नव्हते, पण शाई वाळण्याआधी पुसायला हाताशी टीपकागद नव्हता.

पाठवतेस ना तिला?

पुष्पा


अमळनेर,
ता. ६ सप्टेंबर १९५६

अक्का,

चंपाला मागते आहे आणि इथे माझ्याच पायाखालची फरशी हलते आहे. तरी तुला कळवायला हवं, कारण ओसरी गेली तर तिला आणून बसवू कुठे?

शेठजींच्या घरी सध्या पर्युषण चालू आहे. शेठाणी लाडकुंवरबाई आठ दिवस उपास करतात, नुसत्या उकळून निवलेल्या पाण्यावर. त्यांच्या घरात कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काही, एरवीसुद्धा उंबरा ओलांडत नाही.

सोमवारी आम्ही पक्षी करत होतो. मोराचा पराभव प्रेमकुंवरच्या जिव्हारी लागलेला. तिनं पारवा करायला घेतला. एका टोपलीत पातळ, कुरकुरीत पापुद्रे होते, मथीनं ते तिला काढून दिले. पोरीनं एकावर एक लावून असे पंख केले की मथी कितीतरी वेळ हात काढेना. हा खरा पारवा, म्हणाली. प्रेमकुंवर उडतच घरी गेली आणि आजीला आवडेल म्हणून तो पारवा आजीच्या पोथीच्या पाटावर नेऊन ठेवला. तुला माहीत आहे, ही माणसं रोज सकाळी पारव्यांना ज्वारी घालतात. आजीनं कौतुकानं पंखांवरून बोटं फिरवली. मग बोटांना वास आला. पापुद्रे लसणाचे होते.

त्यांना पुन्हा आंघोळ करावी लागली, पाट धुवावा लागला, दोन दिवसांच्या उपाशी बाईला. मंगळवारी सकाळी शेठजी स्वतः ओसरीवर आले. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. लसूण कुठून आला एवढंच विचारलं. मुलांनी एका सुरात सांगितलं, मथीनं दिला. बरोबर शेठजींचे मुनीम होते, ते म्हणाले, मजुराची पोर आहे, घरचं काहीबाही घेऊन आली असणार. शेठजी माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, चौकशी करते.

दुसऱ्या दिवसापासून मथी आली नाही. मुनीमांनी धुरपदाबाईला निरोप धाडला म्हणे, की पोरीला पाठवू नको.

ती सालं टोपलीत कुठून आली कोण जाणे. एकोणीस घरांतून रोज काय काय येतं, मी कुठे कुठे लक्ष ठेवू? टोपल्या आज मीच निवडायला बसले. सरकीत चिंचोके राहिले, कुणी दटावलं नाही.

पुष्पा


अमळनेर,
ता. ११ सप्टेंबर १९५६

अक्का,

मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. त्यात मी काय केलंय ते तुला दिसायला हवं.

सालं मी नेली होती. माझ्या स्वैपाकघरातून. एकटीच्या भाजीला किती लसूण लागतो, पण महिनाभर साठवली होती, हाताला इतकी छान लागायची म्हणून. ज्यांच्या ओसरीवर बसते त्यांच्या घरात लसूण चालत नाही हे मला माहीत होतं. पण टोपलीत टाकताना मला ती लसणाची सालं वाटलीच नाहीत, पारव्याचे पंख वाटले. चूक एवढीच असती तर चूक म्हणता आली असती. शेठजींनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, त्याला मात्र चूक म्हणता येत नाही. माझ्यासमोर मथी उभी होती. माझं नाव येईल म्हणून कान टवकारून, हनुवटी वर करून उभी होती. तिला माहीत होतं ती टोपली कुणी भरली. तिनं नाव घेतलं नाही.

परवा त्यांचं पर्युषण संपलं. त्या दिवशी त्यांच्यात एक रीत असते. वर्षभरात आपल्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याच्या दारी जाऊन हात जोडायचे आणि क्षमा मागायची. धाकट्यांची, नोकरांची, सगळ्यांची. मला ऐकून माहीत होतं, पण ती बाई माझ्याकडे येईल असं वाटलं नव्हतं. लाडकुंवरबाई आल्या. आठ दिवसांच्या उपासानं वाळलेल्या, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ओसरीच्या तीन पायऱ्या चढल्या आणि माझ्यापुढे हात जोडले. मनानं, बोलण्यानं, वागण्यानं तुम्हाला दुखावलं असेल तर क्षमा करा, बाई. त्यात त्यांनी हेही घातलं की आमच्या मुनीमांनी तुमच्या वर्गातली मुलगी बंद केली, तुम्हाला वाईट वाटलं असेल.

अक्का, मी त्यांचे जोडलेले हात धरले. खाली बसले आणि सांगून टाकलं. सालं माझी, गप्प बसणंही माझं, पोरीचा काही दोष नाही. आता ओसरी काढून घ्या म्हटलं. त्यांनी मला उठायची खूण केली. मग म्हणाल्या, “मला सांगून काय होणार? जिला दुखावलंत तिच्याकडे जा.”

मी तशीच निघाले. धुरपदाबाई गावाबाहेर कापसाच्या शेतात होती. बांधावर मथी बसलेली, पुढ्यात मातीची ढेकळं आणि काटक्या, त्याचं ती काहीतरी मांडत होती. मी धुरपदाबाईला सगळं सांगितलं. विळा खाली न ठेवता तिनं ऐकलं. म्हणाली, “आम्हना घरमा लसूण नव्हताच, बाई. पन माले कोनी इचारंच नई.”

मी मथीची माफी मागितली. तिनं विचारलं, मी नसताना टोपल्या कुणी निवडल्या? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मग सगळं एकत्र झालं असेल. आणि उठली, माझा हात धरला, आणि आम्ही चालत ओसरीवर आलो. शेठजींनी ओसरी ठेवली आहे. लसूण वगळून बाकी सगळं चालेल म्हणाले.

लाडकुंवरबाईंचं म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. जिला दुखावलंत तिच्याकडे जा. मी धुळ्याला यायला हवं. पण तू दार उघडलं नाहीस तर तुमच्या गल्लीत उभं राहायची माझी हिंमत नाही, म्हणून कागदावरच येते.

त्या दिवशी माझ्या तोंडून काही निसटलं नव्हतं. मी सकाळपासून ठरवलं होतं. तू मला म्हणालीस, “तू आत चंपाजवळ बस, पाहुण्यांसमोर पांढरं कपाळ नको.” अगदी हळू, प्रेमानं म्हणालीस, माझ्या हातात पोह्यांसाठी कोथिंबीर देत. मी मागच्या खोलीत गेले. चंपा चुना काढत होती. तिला दडवलं याचा मला राग आला असता तर आज मी ताठ मानेनं लिहिलं असतं. पण मला राग आला होता तो मला दडवलं याचा. तिच्याबरोबर, एकाच खोलीत, एकाच दाराआड. ट्रे उचलून मी बाहेर आले ते माझं कपाळ सगळ्यांना दिसावं म्हणून, आणि चंपाचं नाव घेतलं ते तुला लागावं म्हणून. तिच्या नावाचा मी दगड केला. विमलचं काय होईल याचा विचारही मनात आला नाही. आणि नंतर सोळा महिने मी स्वतःला सांगत राहिले की चंपाची बाजू घेणारी मी एकटीच.

क्षमा कर, अक्का. विमलला वाचून दाखवलंस तर तिचीही मागते.

चंपाला पाठव ही मागणी तशीच आहे. आता ती मागायचा मला हक्क उरला का, ते तू ठरव.

पुष्पा


अमळनेर,
ता. ९ नोव्हेंबर १९५६

अक्का,

दिवाळी झाली. मुलांना सुट्टी होती, म्हणजे मला बारा दिवस कुणाशी बोलायला नव्हतं. पाडव्याला दारात रांगोळी काढली, ती कुणी बघणार नव्हतं म्हणून वाळूची काढली आणि डोळे मिटून चाचपून पाहिली. धुरपदाबाईनं मथीबरोबर उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकर पाठवली होती. शेठजींकडून मिठाई आली, बिनलसणाची, असं प्रेमकुंवरनं आणून देताना मुद्दाम सांगितलं. तेवढं मी हसले.

टपालवाला आता मला बघून लांबूनच मान हलवतो. बिचाऱ्याला वाटतं त्याचाच काही दोष आहे.

चंपाला फराळातलं काय आवडलं? ती करंजीची कड आधी खायची. अजून तसंच का?

पुष्पा


अमळनेर,
ता. २४ जानेवारी १९५७

अक्का,

तुझे दीर रतिलालभाऊजी चंपाला घेऊन आले त्याला आज नऊ दिवस झाले. पोच आधीच द्यायला हवी होती. दोनदा लिहिली आणि ठेवून दिली.

साडेनवाची एसटी त्या दिवशी थांबली तेव्हा मुलं हात हलवायचं विसरली, कारण ती कधी थांबतच नाही. भाऊजी उतरले, मग ट्रंक, मग चंपा. मी धावले. हात खळीनं भरलेले होते, तसेच तिच्या गालांना लावले. मला वाटलं, तू पाठवलीस. तू माझी पत्रं वाचलीस, मला क्षमा केलीस आणि तिला पाठवलीस. ओसरीपर्यंत मी असंच समजत होते.

भाऊजींनी पाणी पिऊन तुझा निरोप सांगितला. तो त्यांच्या तोंडून बदलला असेल म्हणून मी जसा ऐकला तसा लिहिते, चुकलं असेल तर सांग. पारोळ्याच्या घरात विमलचं जमलं आहे, लग्न माघात. त्यांना दोनच भावंडं सांगितली आहेत. विमलचे पहिल्या वर्षाचे सणवार होईपर्यंत चंपानं इथे राहायचं. ती धुळ्याची आहे, कुणाची आहे, हे इथे कुणाला कळू द्यायचं नाही. आणि मी लग्नाला यायचं नाही. शेवटचं सांगताना भाऊजी पायातल्या वहाणांकडे बघत होते. चांगला माणूस आहे तो. त्यांच्याकडून असले निरोप पाठवत जाऊ नकोस.

मी हो म्हटलं. विचार न करता, लगेच. चंपाचा हात माझ्या हातात होता आणि तो सोडावा लागेल अशी कुठलीच गोष्ट त्या वेळी मी म्हटली नसती. दुपारच्या गाडीनं भाऊजी गेले.

तुला तिच्याबद्दल ऐकायचं असेल. पहिल्या दिवशी ती कशालाच हात लावेना. मथीनं तिला टोपल्यांपाशी नेलं, प्रत्येकीत तिचा हात खुपसला, नावं सांगितली. चौथ्या दिवशी चंपानं घर केलं. मथीच्या घराला बारदानाची भिंत असते, हिनं भिंतीला काचकागद लावला आणि नखानं तो थोडा थोडा खरवडला. मी ओळखलं कुठली भिंत ती. त्यानंतर तिनं झाड केलं, बैल केला, छगनसाठी गोटे वेचून आणले. जेवते चांगली. हसते, पण आवाज न करता. आवाज न करता हसायला तिला कुणी शिकवलं, ते मी विचारणार नाही.

पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्याच दिवशी मथीनं तिचा चेहरा चाचपून विचारलं, “तू कोनी पोर शे?” चंपा जरा थांबली. मग पाठ केलेल्या श्लोकासारखं स्वच्छ म्हणाली, “मी कुणाची नाही. मी इथेच असते.”

मथी म्हणाली, असं कुठे असतं का? आणि तिला टोपल्या दाखवायला घेऊन गेली. मुलं विसरतात. मी विसरू शकले नाही. घरात आम्ही दोघीच असलो की ती मला मावशी म्हणते, लोकांसमोर बाई म्हणते. तेही तिला शिकवलेलं दिसतं. रोज कुणी ना कुणी विचारतं. दूधवाला विचारतो, छगनची आई विचारते, लाडकुंवरबाईंनी विचारलं. रोज ती तेच सांगते.

पारोळ्याच्या लोकांना मी काही सांगणार नाही. या वेळी जीभ माझ्या ताब्यात आहे, आणि सांगायचं असेल तर ते तुझं काम आहे, माझं नव्हे. लग्नालाही येणार नाही. त्या दिवशी चंपा आणि मी इथे काहीतरी गोड करू.

मला तिला दुसरं उत्तर एका दुपारी शिकवता येईल. ती चटकन शिकते. ‘पुष्पाबाईची’ एवढं म्हण, असं सांगायला मला किती वेळ लागणार? किती वेळा तोंडापर्यंत आलंय ते तुला कळणार नाही, तुला दोन मुली आहेत. माझ्या घरात बारा वर्षांनी दुसरं ताट मांडलं जातंय. मला ती माझी हवी आहे, अक्का, आणि म्हणूनच मी तिला काही शिकवत नाही. एकदा दुसरं उत्तर पाठ झालं की ती तुझ्याकडे परत येणार नाही, आणि मी पुन्हा तिच्या नावाचा माझ्यासाठी उपयोग केलेला असेल.

ते उत्तर तू शिकवलंस. ते तूच येऊन बदल. लग्नाआधी जमत नसेल तर लग्न झाल्यावर ये. माझ्याशी बोलू नकोस, ओसरीवर पायसुद्धा ठेवू नकोस, खालच्या पायरीवर उभी राहून तिला एकदा सांगून जा की ती कुणाची आहे. पण फार दिवस लावू नकोस. पहिले काही दिवस कुणी विचारलं की ती बोलण्याआधी थोडी थांबायची. काल थांबली नाही.

पुष्पा